कोलमारला एकट्याने गाडी घेऊन जाताय? मग आधी क्रम नीट लावा

एप्रिल उजाडला की आमच्या इकडच्या मराठी ग्रुपवर एक मेसेज हमखास पडतो, "लाँग वीकेंडला एकटाच कोलमारला चाललोय, गाडी बुक केलीये, काही टिप्स?" आणि सोमवारी त्याच माणसाचा दुसरा मेसेज, गाव भारी आहे पण पार्किंग शोधण्यातच तास गेला, दुपारी जेवायला काही मिळालं नाही आणि गर्दीत फोटोत फक्त लोकांची डोकी आली. दर वर्षी माणूस नवीन, रड तीच. मी जर्मनीत राहते, फ्रान्सच्या आल्सास भागातल्या या गावाला एकटीने चार वेळा गाडी घेऊन गेलेय, आणि पहिल्या वेळी या सगळ्या चुका मी स्वतः केल्यात, म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवते.

गाव किती रंगीत, घरं किती जुनी हे तुम्ही फोटोत बघितलंच असेल, त्यामुळे नमनाला घडाभर तेल नको.

फक्त दोन गोष्टी डोक्यात पक्क्या करा. एक, गाडी कोलमार बघायला नाहीये. ती कोलमारपर्यंत पोचायला आणि आसपासची द्राक्षमळ्यातली गावं फिरायला आहे, कोलमार बघायचं ते पायांनी. आणि दोन, तुम्ही एकटे आहात. म्हणजे बाजूच्या सीटवरून "अरे डावीकडे, डावीकडे!" असं ओरडणारं कोणी नाही, पाटी वाचून सांगणारं नाही, तुम्ही कुठे अडकलात तर खाली उतरून मागे बघणारं नाही. त्यामुळे जे काही ठरवायचं ते गाडी सुरू करायच्या आधी ठरलेलं हवं, चुका होतात त्या नेमक्या चालवता चालवता ठरवायला गेलं की.

१. वार आणि रात्री ठरवा

हे सगळ्यात आधी, हॉटेलच्याही आधी. बहुतेक लोक शनिवारी सकाळी निघून रविवारी रात्री परत असा प्लॅन करतात आणि तिथेच घोडं पेंड खातं.

सोमवारी तिथलं मार्शे कुव्हेर म्हणजे बंदिस्त बाजार बंद असतो आणि जेवणाची बरीच छोटी हॉटेलंही सुट्टीवर असतात. मंगळवारी उंटरलिंडेन म्युझियम बंद, आणि ग्र्युनेवाल्ड या चित्रकाराचं इझेनहाइम आल्टरपीस, म्हणजे चर्चच्या वेदीवरचं भलं मोठं चित्र, तिथेच आहे, ते न बघता परत आलात तर निम्मी ट्रिप वाया गेली असं माझं स्पष्ट मत आहे. रविवारी दुकानं बंद, आल्सासमध्ये याबाबतीत बाकी फ्रान्सपेक्षा कडक कायदा आहे, सुपरमार्केटच्या भरवशावर राहू नका. शिवाय या भागाला दोन जास्तीच्या सुट्ट्या आहेत ज्या उरलेल्या फ्रान्सला नाहीत, गुड फ्रायडे आणि २६ डिसेंबर, आणि आपली मंडळी नेमकी ईस्टरच्या वीकेंडला जातात.

म्हणजे उरले बुधवार, गुरुवार, शुक्रवार. बुधवारी दुपारी पोचायचं, दोन रात्री राहायचं, शुक्रवारी दुपारी निघायचं. दोन रात्री कमीत कमी, एका रात्रीत धावपळ होते.

महिना म्हणाल तर मधला मे ते जून मला सगळ्यात आवडतो, जूनमध्ये साडेनऊपर्यंत उजेड असतो. सप्टेंबरही छान, पण तेव्हा द्राक्षतोडणी चालू असते, मळ्यांमधल्या अरुंद रस्त्यांवर ट्रॅक्टरच्या मागून हळूहळू जायची तयारी ठेवा. डिसेंबरमध्ये ख्रिसमस मार्केटसाठी अख्खा युरोप तिथे लोटतो, पावणेपाचला अंधार, हॉटेलचे दर आभाळाला आणि पार्किंग विचारूच नका. पहिल्यांदा एकट्याने जात असाल तर डिसेंबर नको, आणि जायचंच असेल तर ट्रेनने जा.

> तपासा: तुमच्या दोन रात्रींच्या मध्ये येणारा पूर्ण दिवस सोमवार किंवा मंगळवार तर नाही ना? असेल तर तारीख हलवा, मगच पुढचं बुकिंग करा.

२. हॉटेल: गावात नाही, गावाच्या कडेला

फोटोत दिसतं तसं कालव्याला लागून असलेलं हॉटेल घ्यायचा मोह होतो. गाडी असेल तर घेऊ नका. जुन्या गावाचा बराच भाग पादचाऱ्यांसाठी आहे, गाडी दारापर्यंत जात नाही आणि मग बॅग ओढत दगडी रस्त्यावरून खडखडाट करत जावं लागतं. रेल्वे स्टेशनच्या बाजूला किंवा जुन्या गावाच्या बाहेरच्या रस्त्यावर, स्वतःचं पार्किंग असलेलं हॉटेल बघा. तिथून चालत दहा-पंधरा मिनिटांत तुम्ही मध्यावर असता.

बुकिंग झालं की लगेच दोन प्रश्न मेलवर विचारून लेखी उत्तर घ्या. पार्किंगची जागा राखून ठेवता का, की येईल त्याला पहिली? आणि रिसेप्शन किती वाजता बंद होतं? दुसरा प्रश्न लोक विसरतात. तिथल्या छोट्या हॉटेलात रात्री माणूस नसतो, दाराचा कोड आधी मेलवर येतो, आणि तो मेल स्पॅममध्ये पडलेला असतो. मी एकदा रात्री दहाला बंद दारासमोर उभी राहून तो मेल शोधलाय, फोनची बॅटरी सहा टक्के. एकटं असताना हे अजिबात मजेशीर नसतं.

३. लायसन्स आणि कार्ड

भारतातून येणार असाल तर निघायच्या आधी आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढा, सारथी पोर्टलवरून अर्ज होतो, एक वर्ष चालतो. इथे पोचल्यावर तो काढता येत नाही. आणि तो एकटा चालत नाही, मूळ भारतीय लायसन्स सोबत लागतंच, डिजिलॉकरमधलं दाखवून भागणार नाही.

जर्मनीत राहणाऱ्यांसाठी वेगळी गोष्ट, आणि इथे चांगले शिकलेसवरलेले लोक चुकतात. इथे राहायला आल्यापासून सहा महिने भारतीय लायसन्स चालतं, त्यानंतर जर्मन लायसन्स काढावंच लागतं. भारतात जाऊन नवा आंतरराष्ट्रीय परवाना आणला तरी ही मुदत वाढत नाही. काउंटरवरचा माणूस बऱ्याचदा हे विचारतही नाही, गाडी मिळून जाते, आणि मग अपघात झाला की विमा कंपनी विचारते.

क्रेडिट कार्ड चालवणाऱ्याच्याच नावाचं हवं. नवऱ्याचं, बायकोचं, वडिलांचं चालत नाही. डिपॉझिट म्हणून काही रक्कम त्यावर अडकवून ठेवतात, ती ट्रिप संपल्यावर सुटते, तेव्हा कार्डावर तेवढी जागा शिल्लक ठेवा. डेबिट कार्ड घेऊन काउंटरवर हुज्जत घालणारे आपलेच बांधव मी दर वेळी बघते.

पासपोर्ट आणि रेसिडेन्स कार्ड अंगावर ठेवा. फ्रान्समध्ये शिरताना सहसा कोणी अडवत नाही, पण सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीने आपल्या सगळ्या जमिनीवरच्या सीमांवर तपासणी सुरू केली, त्यामुळे परत येताना थांबवू शकतात.

४. गाडी कुठून आणि कोणती

फ्रँकफर्ट किंवा स्टुटगार्टहून घेणार असाल तर सरळ आहे, बुकिंग करतानाच "फ्रान्समध्ये नेणार" हे नोंदवा आणि करारावर ते आलंय का बघा.

बाझेलच्या विमानतळावरून घेणार असाल तर इथे नीट वाचा. हा विमानतळ फ्रान्सच्या जमिनीवर आहे पण दोन देश मिळून चालवतात, आणि आत फ्रेंच बाजू आणि स्विस बाजू असे दोन वेगळे भाग आहेत. गाडी देणाऱ्या कंपन्यांचे काउंटरही दोन्हीकडे वेगवेगळे. वेबसाइटवर नावं जवळपास सारखीच दिसतात, दर मात्र वेगळे असतात. कोलमारला जायचं तर फ्रेंच बाजूची घ्या, स्वित्झर्लंडच्या हद्दीत शिरायची गरजच नाही, तिथून साठेक किलोमीटर उत्तरेला ए ३५ मोटरवेने टोल न भरता पोचता. आणि परत करताना फ्रेंच रस्त्यानेच या, मॅपने बाझेल शहरातून वळवलं तर तुम्ही दुसऱ्याच बाजूला पोचाल, शिवाय स्विस मोटरवेचा ४० फ्रँकचा विन्येट म्हणजे टोलचा स्टिकर लागतो तो वेगळाच.

अजून एक बारीक गोष्ट, विमानतळाजवळ फोन पटकन स्विस टॉवर पकडतो, आणि युरोपियन युनियनच्या फुकट रोमिंगमध्ये स्वित्झर्लंड येत नाही. रोमिंग बंद ठेवा, फ्रेंच हद्दीत आत आलात की चालू करा.

गाडी छोटी घ्या आणि ऑटोमॅटिक घ्या. थोडी महाग पडते, पडू दे. भारतात डाव्या हाताने गिअर टाकायची सवय, इथे उजव्या हाताने, रस्त्याची बाजू उलटी, पाट्या फ्रेंच, आणि तुम्ही एकटे. डोक्यावरचा एक भार कमी करायला पैसे मोजा.

नुकसान झालं तर तुमच्या खिशातून किती जाणार हा आकडा करारात वाचा, बऱ्याचदा तो हजार युरोच्या वर असतो. तो शून्यावर आणणारा विमा काउंटरवर महाग असतो, आधीच वेगळा घेतला तर स्वस्त पडतो, पण मग नुकसान झालं की पैसे आधी तुम्ही भरायचे आणि नंतर मागायचे.

> सावधान: १ नोव्हेंबर ते ३१ मार्चमध्ये व्होज डोंगरातल्या बऱ्याच गावांच्या हद्दीत हिवाळी टायर किंवा चेन सक्तीची आहे. कोलमार सपाटीवर आहे, पण डोंगर अर्ध्या तासावर आहेत आणि "जरा वर जाऊन येऊ" असं हमखास वाटतं.

५. गाडी ताब्यात घेतल्यावरची वीस मिनिटं

किल्ली मिळाली की लोक सुसाट सुटतात. थांबा. पार्किंग लॉटमध्ये वीस मिनिटं द्या, पुढचे तीन दिवस त्यावर चालतात.

बाहेरून सलग एक व्हिडिओ काढा, चारही चाकांच्या रिम, काच, बंपरची खालची कड, छप्पर. करारावर न लिहिलेला ओरखडा दिसला तर तिथेच परत जाऊन लिहून घ्या. पहिल्या वेळी मी "एवढंसं तर आहे" म्हणून सोडलं आणि नंतर त्या एवढ्याशाचे पैसे भरले.

इंधनाच्या झाकणाच्या आत काय लिहिलंय त्याचा फोटो काढून ठेवा, का ते पुढे सांगते.

रिफ्लेक्टिव्ह जॅकेट आणि त्रिकोण आहे का बघा. जॅकेट डिकीत नाही, हाताशी, दाराच्या कप्प्यात, कारण ते घालूनच खाली उतरायचं असतं.

मग बसून इंडिकेटर लावून बघा. आपल्याकडे इंडिकेटर उजव्या हाताला आणि वायपर डाव्या हाताला, इथे उलटं. पहिल्या वळणाला कोरड्या काचेवर वायपर फिरणार हे ठरलेलंच आहे, पण निदान ते लॉटमध्ये फिरू दे, मोटरवेवर नको. दोन चकरा लॉटमध्येच मारा. डावीकडे बसून चालवताना नवा माणूस नकळत उजवीकडे सरकतो, आणि मग उजवी चाकं फुटपाथच्या कडेला घासतात. उजवा आरसा जरा खाली झुकवा, म्हणजे चाक दिसेल.

> तपासा: फोन स्टँडला लावला? ऑफलाइन मॅप उतरवला? पाणी, खाऊ, गॉगल हाताच्या अंतरावर? फ्रान्समध्ये चालवताना फोन हातात धरला तर १३५ युरो दंड, सिग्नलला थांबलेलं असलं तरी. कानात इअरफोन असले तरी तेवढाच.

६. रस्ता: नावं नाही, नंबर पाठ करा

एकट्याने चालवताना सगळ्यात जास्त घोळ होतो तो मॅपच्या बाईमुळे. इंग्रजी आवाज फ्रेंच रस्त्यांची नावं अशी काही उच्चारतो की पाटीवर तेच लिहिलंय हे कळतच नाही, आणि तुम्ही पाटी वाचत बसता तोवर वळण मागे गेलेलं असतं. म्हणून कागदावर फक्त नंबर आणि पुढच्या गावाचं नाव लिहा, मोठ्या अक्षरात, आणि डॅशबोर्डवर चिकटवा. माझा कागद असा असतो: ए ५ दक्षिणेला, मग बी ३१ ब्रायझाख, ऱ्हाइनवरचा पूल, न्योफ ब्रिझाक, डी ४१५ कोलमार. बास. ब्रायझाखला थांबून कॉफी प्यायची, पाय मोकळे करायचे आणि डोकं फ्रेंच नियमांवर आणायचं, पुढे फक्त वीस-पंचवीस किलोमीटर उरतात.

ते नियम:

*उजवीकडून येणाऱ्याला आधी.* यावरून सगळ्यात जास्त अपघात होता होता वाचतात. आपल्या डोक्यात मोठ्या रस्त्यावरचा मोठा असं असतं. फ्रान्समध्ये चौकात काही पाटी नसेल तर उजवीकडच्या बोळातून येणाऱ्या गाडीला पहिला हक्क, आणि ती थांबत नाही, बघतही नाही, सरळ येते. पिवळा चौकोन, टोकावर उभा केलेला, दिसला की तुम्ही हक्काच्या रस्त्यावर आहात. तोच चौकोन काट मारलेला दिसला की तो हक्क संपला. लाल कडेच्या त्रिकोणात फुली दिसली की पुढच्या चौकात उजवीकडच्याला थांबून जाऊ द्यायचं. कोलमारभोवतीच्या छोट्या गावांत हे पदोपदी लागतं.

*गावाच्या नावाची पाटी हीच वेगाची पाटी.* पांढऱ्या पाटीला लाल कड आणि त्यात गावाचं नाव, इथून ५० सुरू, वेगळा आकडा लिहिलेला नसला तरी. नावावर काट मारलेली पाटी आली की गाव संपलं. गावाबाहेर साधारण ८०, दुभाजक असलेल्या मोठ्या रस्त्यावर ११०, मोटरवेवर १३०, आणि पाऊस पडत असेल तर मोटरवेवरही ११०. जर्मन ऑटोबानवरून आलेल्या पायाला हे पचायला वेळ लागतो. मला दंडाचं पत्र आलं ते अशाच एका गावात, पाटी ओलांडून जेमतेम शंभर मीटरवर, मी द्राक्षमळे बघत होते.

*पेट्रोल पंपावरून, पार्किंगमधून बाहेर पडताना.* चुकीच्या बाजूला जायचा धोका मोठ्या रस्त्यावर नसतो, तिथे समोरच्या गाडीमागे जाता. तो असतो सकाळी रिकाम्या रस्त्यावर बाहेर पडताना. माझी खूण अशी, रस्त्याची मधली रेषा नेहमी माझ्या खांद्याच्या बाजूला. भारतातही तसंच, इथेही तसंच, फक्त खांदा बदलतो.

> सावधान: मोटरवेवर गाडी बंद पडली तर जॅकेट घाला, मग शक्यतो उजव्या दाराने उतरा, रेलिंगच्या पलीकडे जा आणि केशरी एसओएस फोन वापरा. तिथे आपल्या ओळखीचा टो ट्रक बोलावता येत नाही. जीवाला धोका असेल तर ११२.

७. कोलमारमध्ये शिरणं: एकदाच पार्क करा

दुपारी तीन ते पाचमध्ये पोचा. सकाळी अकराला पोचणं ही ग्रुपवरची सगळ्यात आवडती चूक आहे, तेव्हा ऱ्हाइनवरच्या क्रूझच्या बसेस, स्ट्रासबुर्गहून आलेले डे ट्रिपवाले आणि तुम्ही, सगळे एकाच वेळी.

मॅपमध्ये "कोलमार" किंवा "पतीत व्हेनीज" (कालव्याकाठचा रंगीत घरांचा भाग) टाकू नका. टाकलंत की तो तुम्हाला जुन्या गावाच्या पोटात नेतो, जिथे एकेरी रस्ते, खांब आणि आइसक्रीम खाणारी माणसं यांच्यामधून उलटं निघायला जागा नसते. मी अशीच एका बोळात अडकले होते, मागे डिलिव्हरी व्हॅन, पुढे खांब, आणि एक आजोबा शांतपणे हातवारे करून मला मागे घेत होते, त्यांना फ्रेंच येत होतं, मला घाम. मॅपमध्ये हॉटेलचा नेमका पत्ता टाका, नाहीतर पार्किंगचं नाव टाका, राप, लाकार किंवा मोंतान्य व्हेर्त. तिन्ही जुन्या गावाच्या कडेला आहेत. आणि पहिलं भरलेलं असेल तर दुसरं कोणतं हेही कागदावर लिहिलेलं असू दे.

रस्त्यावर लावणार असाल तर मशीन गाडीचा नंबर विचारतं. तुमची गाडी भाड्याची, नंबर पाठ नसतो, मागे रांग लागते. नंबरप्लेटचा फोटो फोनमध्ये ठेवा.

उत्तरेकडून स्ट्रासबुर्गच्या रस्त्याने येणाऱ्यांसाठी एक सूचना: गावाच्या तोंडाशी गोल चौकात स्वातंत्र्यदेवीचा बारा मीटरचा पुतळा उभा आहे, मूळ पुतळा घडवणारा बार्तोल्दी इथलाच म्हणून. तो दिसला की गाडी हळू करून फोन काढायची इच्छा होते. नका करू. गोल चौकात मागचा माणूस तुमच्याकडे बघत नसतो.

> तपासा: गाडीत सीटवर काही दिसतंय का? बॅग, चार्जर, जॅकेट, काहीही. डिकीत टाकायचं तर ते पार्किंगला पोचण्याआधी टाका, सगळ्यांसमोर डिकी उघडून लॅपटॉपची बॅग ठेवणं म्हणजे पत्ता देऊन येण्यासारखं आहे.

गाडी लावली, आता किल्ली बॅगेच्या तळाशी. उद्या दुपारपर्यंत ती काढायची नाही.

८. गाव चालायचं ते घड्याळ बघून

क्रम असा ठेवा.

*पहिली संध्याकाळ, सहानंतर.* बसेस गेलेल्या असतात. रू दे मार्शां या रस्त्यावरून सुरुवात करा, तिथे १५३७ चं फिस्टर घर कोपऱ्यावर आहे, पुढे १४८० चं कोइफूस म्हणजे जुनं कस्टम हाउस, मग के द ला प्वासोनरी, म्हणजे मासळीवाल्यांचा धक्का, रंगीत घरांची ती रांग. आज फोटोच्या मागे लागू नका, फक्त रस्ते ओळखून ठेवा.

*दुसरी सकाळ, सातच्या आत.* आता फोटो. रू द तुरेनवरच्या पुलावर उभे राहा, लाउख नदी आणि दोन्ही बाजूंची घरं, सगळ्यांच्या फोटोत असतो तो हाच कोन. त्या वेळी तिथे तुम्ही, एखादा कुत्रा फिरवणारा आणि पावाचा वास. एकटे असाल तर ट्रायपॉड वगैरे नको, पुलाच्या कठड्यावर फोन टेकवून टायमर लावायचाही नाही, खाली पाणी आहे. पुलावर येणाऱ्या माणसाला बोंजूर म्हणा आणि मग फोन द्या. बोंजूर न म्हणता सरळ "एक्सक्यूज मी" केलं की तिथे चेहरे आखडतात, दुकानातही तसंच.

*दहा ते बारा.* गर्दी वाढायला लागली की उंटरलिंडेन म्युझियममध्ये शिरा. किमान दीड तास. वेळ असेल तर जवळच दोमिनिकन चर्चमध्ये शोनगावर या जुन्या चित्रकाराचं १४७३ चं चित्र आहे.

*बाराच्या ठोक्याला जेवण.* ही वेळ चुकवू नका. स्वयंपाकघर दुपारी दीड-दोनला बंद होतं ते थेट संध्याकाळी सातला उघडतं. आपण "अजून भूक नाही, तीनला खाऊ" करतो आणि मग सँडविच शोधत फिरतो.

शाकाहारी मंडळींनी इथे जरा लक्ष द्या. तार्त फ्लांबे, स्थानिक नाव फ्लामकुखं, पातळ कुरकुरीत भाकरीसारखी रोटी, वर क्रीम आणि कांदा, बघून वाटतं आपलीच गोष्ट आहे, पण त्यात डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे असतातच, मेनूत वेगळं लिहिलेलं नसलं तरी. "सां लार्दों" असं आधी सांगा. मशरूमवाली मागवली म्हणजे सुटलो असं नाही, तिच्यातही असतात. कांद्याच्या तार्तमध्येही बऱ्याचदा असतात. कुगेलहोफ हा केक गोड असतो, पण त्याचा तिखटमिठाचा भाऊही मिळतो आणि त्यात परत तेच. स्पेट्झ्ले (अंड्याच्या पिठाच्या छोट्या नूडल्स) आणि चीज हा बऱ्यापैकी सुरक्षित पर्याय. पाणी मागताना "कराफ दो" म्हणा, नळाचं पाणी फुकट मिळतं, नुसतं वॉटर म्हटलं की बाटली येते आणि बिलातही येते.

९. गाडी काढा: गावं, पण तीनच

दुसऱ्या दिवशी दुपारी आणि तिसऱ्या दिवशी सकाळी गाडीचं काम. आल्सासचा वाइन रूट उत्तरेला मार्लेनहाइमपासून दक्षिणेला तानपर्यंत १७० किलोमीटर आहे, आणि लोक तो अख्खा एका दिवसात करायला जातात. मग सात गावं होतात आणि संध्याकाळी एकाचं नाव आठवत नाही. तीन करा.

दुसऱ्या दिवशी तीनच्या सुमारास कायझर्सबर्ग, कोलमारपासून बाराएक किलोमीटर. तिथून मळ्यांच्या रस्त्याने पाचनंतर रिकविर. रिकविर दुपारी बाराला म्हणजे गणपतीतली लक्ष्मी रोडची गर्दी, पाचनंतर तेच गाव मोकळं होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला एगिसहाइम, कोलमारच्या दक्षिणेला सहा-सात किलोमीटर. तिथल्या गल्ल्या एकात एक गोल आहेत, सगळ्यात बाहेरच्या गोलाने एक पूर्ण चक्कर मारा आणि मग आत जा, उलट केलं तर त्याच चौकात तीनदा याल. वर बघायला विसरू नका, छपरांवर करकोच्यांची घरटी असतात, आणि त्यांच्या बरोबर खाली उभंही राहू नका.

तिन्ही ठिकाणी गाडी गावाच्या बाहेरच लावायची, पैसे भरून. आतला रस्ता मोकळा दिसला आणि "सोफ रिवेरां" अशी पाटी असेल तर तो फक्त तिथे राहणाऱ्यांसाठी.

आता वाइन. दोघं असते तर एकाने चालवलं असतं, तुम्ही एकटे आहात, म्हणून याचं उत्तर आधीच ठरवा. फ्रान्समध्ये मर्यादा रक्तात लिटरला ०.५ ग्रॅम, लायसन्स नवं असलेल्यांना ०.२, म्हणजे जवळपास काहीच नाही. तळघरात चव घ्यायला बसलात की ते एकामागून एक पाच-सहा प्रकार ओततात आणि "थोडं थोडंच" म्हणता म्हणता दोन ग्लास होतात. थुंकायला भांडं ठेवलेलं असतं, ते खुशाल वापरा, तिथे त्यात कोणालाच काही वाटत नाही. नाहीतर मी करते तसं करा, एक बाटली विकत घ्यायची, गाडी हॉटेलला लावायची आणि मग उघडायची.

आणि मुन्स्टर हे इथलं उग्र वासाचं चीज घेतलं तर ते निघायच्या दिवशी घ्या. मी आदल्या दिवशी घेऊन डिकीत ठेवलं होतं, जूनमध्ये. गाडी परत करताना काउंटरवरच्या पोराने दार उघडलं आणि एक पाऊल मागे गेला.

१०. इंधन आणि परतीचा दिवस

आता त्या झाकणाच्या फोटोचं कारण. फ्रेंच पंपावर "गाझोल" लिहिलेलं असतं. आपल्या कानाला ते गॅसोलिन वाटतं, म्हणजे पेट्रोल. नाही! गाझोल म्हणजे डिझेल. पेट्रोल म्हणजे एसपी ९५ किंवा एसपी ९८, आणि नळीवर गोलात ई ५ किंवा ई १० लिहिलेलं असतं. डिझेलला चौकोनात बी ७. गोल म्हणजे पेट्रोल, चौकोन म्हणजे डिझेल, एवढं लक्षात ठेवा. आणि ई ८५ सगळ्यात स्वस्त दिसतं म्हणून भरू नका, ते साध्या गाडीसाठी नाही. चुकीचं भरलंत तर किल्ली फिरवूच नका, गाडी सुरू न करता गाडी देणाऱ्या कंपनीला फोन करा.

सुपरमार्केटच्या पंपावर स्वस्त पडतं आणि बऱ्याच ठिकाणी कार्ड टाकून चोवीस तास चालतं. मशीन आधी कार्डावर मोठी रक्कम अडकवतं आणि नंतर खरी तेवढीच कापतं, मेसेज बघून घाबरू नका.

परत करताना पुन्हा व्हिडिओ, इंधनाचा काटा आणि किलोमीटरचा फोटो, आणि माणूस असेल तर त्याची सही. ऑफिस बंद असेल आणि किल्ली पेटीत टाकायची असेल तर व्हिडिओ अजून सावकाश काढा, पार्किंगचा नंबर दिसेल असा.

हे फोटो लगेच डिलीट करू नका. कॅमेऱ्याने पकडलं असेल तर काही आठवड्यांनी आधी गाडी देणारी कंपनी कार्डावरून एक रक्कम कापते, आणि लोकांना वाटतं झालं, दंड भरला. तो दंड नसतो, तुमचं नाव-पत्ता पोलिसांना कळवायची त्यांची फी असते. खरं पत्र नंतर फ्रान्सहून घरी येतं. गावाबाहेर वेगमर्यादा ताशी २० किलोमीटरपेक्षा कमीने ओलांडली असेल तर ६८ युरो आणि पत्रावरच्या मुदतीत भरलं तर ४५, गावात असेल तर १३५ आणि मुदतीत ९०. पत्ता बदलला असेल तर पत्र जुन्या घरी पडून राहतं आणि रक्कम वाढते, माझ्या एका मैत्रिणीचं तसंच झालं, म्हणून घर बदलणार असाल तर करारावर नवा पत्ता द्या.